सरफोजीराजांचीं कपाटें

तंजावर म्हटलें कीं मराठी माणसास दोन गोष्टी चटकन आठवतात. एक, शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे. आणि दुसरी, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला भोसले वंशाचा अवाढव्य मराठी शिलालेख. तिसरी गोष्ट सहसा आठवत नाहीं, आणि ती या दोहोंपेक्षां कमी मोलाची नाहीं. राजवाड्याच्या आवारांत उभा असलेला सरस्वती महाल ही ती गोष्ट होय. त्यांतील केवळ हस्तलिखितेंच चाळीस हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकीं तीन हजारांवर मराठी आहेत. ग्रंथालयें राजांच्या नांवानें पुष्कळ चालतात, परंतु त्यांतील पुस्तकें राजानें उघडून पाहिलेलीं असतात असें नाहीं. येथें मात्र चार हजारांहून अधिक पाश्चात्य ग्रंथ असे आहेत कीं जे एका राजानें स्वतः निवडून मागविले, आणि त्यांपैकीं कित्येकांवर आपल्या हातानें इंग्रजींत सही केली. तो राजा म्हणजे दुसरे सरफोजी.

संग्रहाचा मूळ पाया त्यांचा नव्हे. तंजावरच्या नायक राजांच्या पदरीं मोठमोठे पंडित होते आणि त्यांच्या वेळेपासून पोथ्यांचें एक भांडार राजवाड्यांत होतें. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीनें तंजावर घेतलें तेव्हां तें भोसल्यांकडे आलें. पुढील राजे स्वतः ग्रंथकार निघाले. व्यंकोजीचे पुत्र शहाजीराजे यांनीं तेलुगु, तामिळ, संस्कृत व मराठी अशा अनेक भाषांत नाटकें लिहिलीं. त्यांचें ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हें मराठी नाटक विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस केलेल्या प्रयोगाच्या शतकाहून अधिक आधीचें आहे. शहाजीचे धाकटे बंधु तुळजाजी यांचा ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ दक्षिणेच्या संगीतशास्त्रांत आजहि प्रमाण म्हणून उघडला जातो. अशा घरांत पुस्तकांची आवड वंशपरंपरेनेंच आली असेल, असें कोणी म्हणेल. पण सरफोजी त्या घरांत जन्मलेच नव्हते.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा, भोसले कुळाच्या एका बाजूच्या शाखेंतला. दुसऱ्या तुळजाजीराजांचीं मुलें वारलीं, तेव्हां त्यांनीं १७८७ सालीं या लहान मुलास दत्तक घेतलें आणि थोड्याच दिवसांत राजे निवर्तले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं मुलाचा हात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हातीं दिला होता. श्वार्ट्झ १७५० सालीं ट्रंकबार येथील डॅनिश वसाहतींत आला होता आणि त्या प्रांतांत त्याच्या शब्दास मोठें वजन होतें. परंतु दत्तविधान अशास्त्र आहे असा निर्णय पंडितांकडून मिळविण्यांत आला. तुळजाजीचे सावत्र बंधु अमरसिंग गादीवर बसले. कंपनी सरकारनें त्यास मान्यता दिली. मुलाच्या वाट्यास राजवाड्यांतली एक कोंडलेली जागा आली. त्यास मोकळेपणीं बाहेर पडूं देत नसत, त्याच्या शिक्षणाची कांहीं तजवीज नव्हती, हें श्वार्ट्झच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसतें. ज्या वयांत मुलें अक्षरें गिरवितात, पाठांतर करितात, त्या वयांत हा मुलगा भिंतींकडे पाहत बसला होता. पुढें आयुष्यभर त्यानें पुस्तकें गोळा केलीं याचें मूळ शोधावयाचें तर तें कुळाच्या परंपरेंत शोधण्याआधीं या खोलींत शोधावें.

१७९३ सालीं श्वार्ट्झनें खटपट करून सरफोजीस आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांस मद्रासेस नेलें. तेथें गेरिके नांवाच्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याजवळ त्यांचें शिक्षण झालें. विद्यार्थी पंधरा सोळा वर्षांचा. म्हणजे उशीरच झालेला. पण उशीरा लागलेली भूक अधिक तीव्र असते. इकडे दत्तकाचा प्रश्न कंपनीनें पुन्हां तपासला, आधींच्या पंडितांचा निर्णय सदोष ठरला आणि जून १७९८ मध्यें सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ तो दिवस पाहूं शकला नाहीं. त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत तो वारला होता. राजांनीं त्याच्या स्मारकाचें काम लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडे सोंपविलें. त्या संगमरवरी चित्रांत मरणशय्येवरील गुरूजवळ हिंदु राजा उभा आहे. मिशनऱ्यानें शिकविलेला हा राजा अखेरपर्यंत शिवभक्त हिंदुच राहिला, आणि दोघांच्याहि प्रेमांत त्यामुळें अंतर पडलें नाहीं, हें दोघांसहि भूषणावह आहे.

गादी मिळाली, पण राज्य मिळालें नाहीं. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा प्रदेश राहिला. त्यांच्यासाठीं सालीना एक लाख स्टार पगोडा आणि महसुलाच्या निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा इतका तनखा ठरला. बावीस वर्षांच्या तरुण राजास यापुढें फौज नव्हती, मोहीम नव्हती, न्यायनिवाड्याचें मोठेंसें काम नव्हतें. कंपनीच्या छायेंत असे तनखेदार राजे हिंदुस्थानांत पुढें कितीतरी झाले. त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं पैसा आणि वेळ दोन्ही कसे घालविले तें सांगत बसण्यांत अर्थ नाहीं. सरफोजींनीं त्यांचीं पुस्तकें केलीं. हा पैसा कावेरीच्या कांठच्या भात पिकविणाऱ्या कुळांच्या घामांतून येत होता, हेंहि विसरूं नये. पण त्याच घामाचा उरलेला चार पंचमांश हिस्सा कंपनीच्या तिजोरींत गेला, आणि त्याचें कोणतें ग्रंथालय झालें हें इतिहासास ठाऊक नाहीं.

पुस्तकें मिळवावयाचीं कशीं? तंजावरास इंग्रजी पुस्तकांचें दुकान नव्हतें. कांहीं मद्रासेहून येत, कांहीं ट्रंकबारच्या मिशनऱ्यांकडून. त्या मंडळींत वनस्पतिशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे चांगले जाणकार होते आणि त्यांच्याशीं राजांचें जाणेंयेणें होतें. पण मुख्य वाट लंडनची. तंजावरास पूर्वीं रेसिडेंट असलेला टोरिन विलायतेस परतल्यावर राजांच्या वतीनें पुस्तकें व उपकरणें खरेदी करून धाडीत असे. त्याचा पत्रव्यवहार सरस्वती महालांत जतन केलेला आहे. त्या काळीं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाज येण्यास महिनेच्या महिने लागत. म्हणजे आज एखादें पुस्तक हवेंसें वाटलें तर यादी जाऊन, खरेदी होऊन, पेटी तंजावरच्या किल्ल्यांत येईपर्यंत वर्ष उलटून जावें. इतकी वाट पाहून आलेलें पुस्तक न वाचतां कपाटांत ठेवणारा मनुष्य विरळा.

काय मागविलें, हें पाहण्यासारखें आहे. डॉक्टर जॉन्सनचा इंग्रजी कोश आहे, आम्स्टरडामला छापलेलें सचित्र बायबल आहे, मद्रासचें १८०७ सालचें पंचांग आहे. अर्वाचीन रसायनशास्त्राचा जनक म्हणून ज्यास ओळखतात त्या लाव्हाझियेचा मूलग्रंथ आहे. हा शास्त्रज्ञ फ्रेंच राज्यक्रांतींत १७९४ सालीं गिलोटिनखालीं गेला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचें पुस्तक कावेरीच्या कांठीं उघडलें जात होतें! काव्य, नाटक, इतिहास, प्रवासवर्णनें, नकाशे, शरीरशास्त्र, वनस्पतींचीं चित्रें. त्यांतहि वैद्यक हा राजांचा कित्येक वर्षें अत्यंत आवडता विषय होता. सोंवळ्याच्या कल्पनांमुळें खऱ्या हाडांना स्पर्श करणें अशक्य, म्हणून त्यांनीं हस्तिदंताचा मानवी सांगाडा करवून आणविला. ही युक्ति कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु धर्म न मोडतां ज्ञान मिळविण्याची ती प्रामाणिक धडपड होती. धर्माचें निमित्त सांगून ज्ञानच टाळणारे त्या काळीं कमी नव्हते. नेत्ररोग्यांच्या टिपणांचा जो संग्रह राजांच्या दफ्तरांत आहे त्यांत रोग्याच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें काढलेलीं आहेत. पुस्तकांतली विद्या रोग्यापर्यंत पोंचली, याचा तो पुरावा होय. अनुभवलेले औषधोपचार पुढें तामिळ पद्यांत बांधविण्यांत आले, म्हणजे सामान्य वैद्यासहि ते पाठ करतां यावेत.

मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हीबर तंजावरास आले. हीबर स्वतः कवि आणि बहुश्रुत मनुष्य. त्यांना फसविणें सोपें नव्हतें. त्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं हा राजा लाव्हाझिये, लिनियस, बुफाँ यांचे दाखले सहज देतो, शेक्सपियरच्या काव्यगुणांसंबंधीं त्याचें मत लॉर्ड बायरनच्या मतापेक्षां अधिक यथार्थ आहे, आणि शिवाय घोड्याची पारख व वाघाची शिकार यांतहि तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या आदरास पात्र झाला आहे. बिशपबरोबरच्या टॉमस रॉबिन्सन या पाद्र्यानें ग्रंथालयाचें वर्णन केलें आहे तें अधिक उपयुक्त आहे. खांबांच्या तीन ओळी असलेलें मोठें दालन. एका बाजूस तंजावरच्या भोसले राजांच्या तसबिरी. दहा कपाटांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, ग्रीक व लॅटिन पुस्तकें. आणखी दोन कपाटांत मराठी व संस्कृत हस्तलिखितें. शेजारच्या खोलींत हवा काढून घेण्याचें यंत्र, विजेचें यंत्र, खगोलाचीं उपकरणें, तो हस्तिदंती सांगाडा आणि वैद्यकाचीं आणखी पुस्तकें. राजांनीं आपली नाणीं दाखविलीं, फुलांचीं व प्राण्यांचीं चित्रें दाखविलीं, आणि आपल्या छापखान्यांत पाहुण्यांसमोर त्यांच्या सन्मानार्थ एक मराठी वाक्य छापवून घेतलें.

हा छापखाना म्हणजे मराठी मुद्रणाच्या इतिहासांतलें एक दुर्लक्षित पान. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत तेथें देवनागरी खिळ्यांनीं इसापनीतीचें ‘बाळबोध मुक्तावली’ हें मराठी भाषांतर छापलें गेलें. बंगालमध्यें श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मराठी छपाईस आरंभ केला तो याच सुमारास. मुंबई पुण्याकडे मराठी पुस्तक छापून निघण्यास अजून वेळ होता, पेशवाई अजून चालू होती, आणि तंजावरचीं मुलें इसापाच्या कोल्ह्याच्या गोष्टी मराठींत छापील वाचीत होतीं. मराठी पाठ्यपुस्तकांच्या इतिहासाचा आरंभ मुंबईपासून करणाऱ्यांनीं नकाशा थोडा खालपर्यंत उलगडावा.

त्या भेटींतला एक प्रसंग मात्र चटका लावणारा आहे. राजांचा एकुलता उरलेला मुलगा शिवाजी तेव्हां सतरा वर्षांचा, फिकट आणि अशक्त होता. तंजावरांत त्यास शिकविण्यास चांगला गुरु मिळत नाहीं, अशी खंत राजांनीं बोलून दाखविली. हीबर द्रवले, मुलास प्रवासांत बरोबर नेतों, मग कलकत्त्यास आपल्या घरीं ठेवून उत्तम शिक्षक लावून देतों, असें ते म्हणाले. बापास आनंद झाला, मुलासहि गेलेंसें वाटलें. पण दुसऱ्या दिवशीं राणीचा निरोप आला: दोन मुलगे गेले, हा एक उरला आहे, तो दूर गेला तर परत यावयाचा नाहीं आणि त्याच्यावांचून मी जगणार नाहीं. दहा कपाटें भरून ज्ञान घरांत असतां घरच्याच मुलास शिक्षक मिळूं नये! पुस्तकें लंडनहून मागवितां येतात, श्वार्ट्झ मागवितां येत नाहीं. राणीस दोष कोण देईल? हीबर तंजावराहून त्रिचनापल्लीस गेले आणि ३ एप्रिल १८२६ रोजीं तेथेंच अकस्मात् मरण पावले.

पोथ्यांच्या बाबतींत राजांची रीत वेगळी होती. त्या विकत मिळत त्या विकत घ्याव्या, न मिळत त्या नकलून घ्याव्या. त्यासाठीं पंडित व लेखनिक नेमलेले होते. १८२० च्या सुमारास राजे सुमारें तीन हजार मंडळींच्या लवाजम्यानें काशीयात्रेस निघाले. ही यात्रा म्हणजे फिरतें राज्यच होतें. वाटेंत दानधर्म झाला, देवळांची डागडुजी झाली, आणि उत्तरेकडील पोथ्यांची भर संग्रहांत पडली. गंगाजळाच्या कावडीबरोबर पोथ्यांचीं बासनें घेऊन येणारा यात्रेकरू नजरेसमोर आणून पाहावा. त्या प्रवासाचें वर्णन ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ या नांवानें मराठींत आहे. लावणी म्हटली कीं शृंगारच, अशी जी समजूत देशावर रूढ आहे तिला तंजावरची ही लावणी अपवाद.

आतां गाण्याकडे वळावयास हवें. कारण हा राजा पुस्तकांइतकाच गाण्याचाहि संग्राहक होता. आज एखाद्या घरांत आवडत्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका मांडून ठेवलेल्या असतात तशी सोय त्या काळीं नव्हती. भारतांत गाण्याच्या पहिल्या मुद्रिका १९०२ सालीं तयार झाल्या. सरफोजीराजांस जाऊन तेव्हां सत्तर वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां सूर सांठवावयाचा तर दोनच मार्ग: कागदावर लिहून ठेवणें, किंवा गाणारा माणूसच पदरीं ठेवणें. राजांनीं दोन्ही केले.

पाश्चात्य वाद्यांचा एक ताफा राजवाड्यांत होता, आणि त्याच्यासाठीं आणविलेलीं व उतरून घेतलेलीं पाश्चात्य स्वरलिपींतील बाडें सरस्वती महालांत आहेत. पांच रेघांवरचे ते काळे ठिपके पाहिले कीं नवल वाटतें. आपल्या संगीतांत विद्या कानांतून कानांत जाते. येथें ती डोळ्यांतून जाते. या ताफ्याचे सूर किल्ल्याच्या भिंतींआंत राहिले नाहींत. त्याच काळांत दक्षिणेंत व्हायोलिन कर्नाटक संगीतांत शिरलें. मद्रासजवळ मणलीस बाळुस्वामी दीक्षितर तें शिकले. तंजावर दरबारांत वराहप्पय्या या राजांच्या मंत्र्याचें नांव परंपरा त्या बाबतींत घेते. आणि दरबारांतील वडिवेलु हा तर त्या वाद्यांत निष्णात झाला. बाळुस्वामींचे ज्येष्ठ बंधु मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांनीं पाश्चात्य चालींवर संस्कृत देवस्तुति रचिल्या. इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवरहि त्यांची एक रचना आहे. परक्या सुरास देवघरांत बसविण्याची ही हातोटी दक्षिणेचीच. व्हायोलिन तेथें इतकें मुरलें कीं त्याच्यावांचून आज कर्नाटक संगीताची बैठक पुरी होत नाहीं.

वडिवेलु व त्याचे तीन बंधु, चिन्नय्या, पोन्नय्या व शिवानंदम्, हे तंजावरचे चौघे भाऊ म्हणून प्रसिद्ध आहेत. नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम त्यांनीं बसविला, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, तोच आज भरतनाट्यम् या नांवानें जगभर नाचला जातो. त्या क्रमास मराठी भाऊबंद आहेत, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. सरफोजीराजांच्या नांवावर नृत्यासाठीं रचलेल्या मराठी गीतांचा एक संग्रह आहे. त्यांतील एकेका ‘निरूपणा’ची सर्व अंगें एकाच रागांत, एकाच तालांत आणि एकाच विषयावर गुंफलेलीं आहेत, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना असें करीत करीत अखेर मंगल. तामिळ देशांतल्या नर्तकी तेलुगु पदांबरोबर मराठी पदांवरहि अभिनय करीत होत्या, आणि त्या मराठी पदांचा अर्थ समजणारा राजा समोर बसलेला होता.

या सगळ्यांत अतिशय विलक्षण रचना म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तामिळ नाट्यप्रकार. त्यांत डोंगरांतली कुरव जातीची स्त्री येते, आपल्या डोंगराचें वर्णन गाते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजीराजांनीं ती मराठींत आणली, नायिका केली इंद्राची इंद्राणी, आणि कुरवंजीच्या तोंडीं घातला काय, तर पृथ्वीचा भूगोल! खंडें, देश, समुद्र यांचीं नांवें रागदारींत. कपाटांतले नकाशे आणि दरबारांतलें गाणें हीं येथें एक झालीं. पाठशाळेंतल्या मुलांना भूगोल रुक्ष वाटतो ही तक्रार जुनीच आहे. तिच्यावर हा उपाय दोनशें वर्षांपूर्वीं एका मराठी राजानें करून पाहिला होता. काव्य म्हणून ती रचना थोर आहे असें म्हणवत नाहीं. नांवांच्या याद्या गातां येतात, पण त्यांनीं मन हलत नाहीं.

आणि संग्रहाची मर्यादाहि येथेंच सांगावयास हवी. किल्ल्यापासून तीन कोसांवर, तिरुवैयारूस, कावेरीच्या तीरावर त्यागराज राहत होते. राजांनीं त्यांस दरबारीं बोलाविलें, द्रव्य धाडलें, आणि त्यांनीं तें परत केलें, अशी कथा दक्षिणेंत घरोघर सांगतात. कथेंतला तपशील कसाहि असो. त्यागराज तंजावरच्या दरबाराचे गवई झाले नाहींत हें खरें. त्या काळांतला श्रेष्ठ सूर हाकेच्या अंतरावर होता, आणि तो कपाटांत आला नाहीं. त्याला शिष्यांनीं सांभाळलें.

७ मार्च १८३२ रोजीं सरफोजीराजे वारले. शिवाजीराजांनीं तेवीस वर्षें गादी संभाळली आणि २९ ऑक्टोबर १८५५ रोजीं तेहि निपुत्रिक गेले. कंपनीनें तंजावरचें राज्य संपलें असें ठरविलें. राज्य म्हणून उरलें होतें तरी काय? किल्ला आणि नांव. पण ऑक्टोबर १८५६ मध्यें फोर्ब्ज नांवाचा कमिशनर शिपाई घेऊन राजवाड्यांत आला आणि राजाच्या खाजगी मालमत्तेवरहि त्यानें मोहोरा केल्या. जडजवाहीर, वाडे, शस्त्रें, आणि सरस्वती महाल. ज्या पुस्तकावर मालकाची सही आहे तें पुस्तकहि राज्याचें, आणि राज्य कंपनीचें, असा तो न्याय!

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसली नाहीं. पडद्यांतल्या त्या विधवेनें मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत कंपनीवर फिर्याद केली आणि तेथें ती जिंकली. कंपनीनें प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. १८५९ सालीं निकाल लागला तेव्हां १८५७ चा वणवा पेटून विझला होता आणि कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें होतें. न्यायाधीशांनीं सांगितलें कीं हें कृत्य एका सत्तेनें दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेलें राजकीय कृत्य आहे. तें न्याय्य असो वा अन्याय्य, देशांतील न्यायालयास त्याचा विचार करण्याचा अधिकारच नाहीं. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत अजूनहि दाखल्यास घेतात. राणी हरली. तथापि अन्याय झाला आहे ही टोंचणी सरकारासहि असावी, कारण १८६२ सालीं सरकारनें मेहेरबानी म्हणून ती खाजगी मालमत्ता राण्यांस परत केली. हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. शब्दाचा फरक लहान, पण कामाक्षीबाईला तो पुरता समजला असणार.

पुढचा काळ अधिक धोक्याचा होता. परक्याची जप्ती एकदां येते आणि जाते. भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्पिढ्या चालतात. राजघराण्याचे वारस मालमत्तेवरून कोर्टांत भांडत होते, आणि पोथ्यांना कसर भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीं. ताडपत्रास तेल द्यावें लागतें, कागदास वारा लागावा लागतो, बासनें सोडून पुन्हां बांधावीं लागतात. अशा वेळीं तंजावरास न्यायाधीश म्हणून आलेल्या आर्थर बर्नेल या संस्कृतज्ञ इंग्रजानें मद्रास सरकारच्या आज्ञेवरून राजवाड्यांतील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूचि केली. ती १८८० सालीं प्रसिद्ध झाली आणि तंजावरांत काय आहे हें युरोपच्या पंडितांस कळलें. बर्नेल १८८२ सालीं अवघ्या बेचाळीसाव्या वर्षीं वारला. यादी करणें हें काम बुद्धीचें नव्हे, कारकुनी आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं यादींत नांव चढलेली पोथी गहाळ झाली तर कोणी तरी विचारतो. यादींत नसलेली पोथी गहाळ झाल्याचें कोणासच कळत नाहीं.

अखेर वारसांच्या संमतीनें १९१८ सालीं मद्रास सरकारनें हा संग्रह सार्वजनिक केला आणि त्यास सरफोजीमहाराजांचें नांव दिलें. त्यानंतर तंजावरांतील कित्येक पंडित घराण्यांनीं आपापल्या पोथ्या तेथें आणून दिल्या. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनीं केलेली संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचि निघूं लागली. तिचे एकोणीस खंड झाले. १९३९ पासून ग्रंथालयाचें नियतकालिक निघूं लागलें. १९५० च्या सुमारास ‘देवेंद्र कुरवंजी’ छापून आली. १९८३ सालीं भारत सरकारनें या ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली.

उरलें तें मोडी दफ्तर. तेराशेंहून अधिक रुमाल आहेत. दरबारचा रोजचा खर्च, पाठशाळांतील मुलांस दिलेलें अन्न, गवयांचे पगार, नर्तकींस दिलेलीं वस्त्रें, पुस्तकांच्या पेट्यांचें भाडें, औषधांची खरेदी, सगळें त्यांत मराठींत टिपलेलें आहे. राजांनीं कोणती पुस्तकें घेतलीं हें कपाटें सांगतात. तीं कशीं आलीं, कोणी बांधलीं, कोणी गाइलें, कोणास काय मिळालें, हें हे रुमाल सांगतील. पण मोडी वाचणारे मराठी लोक महाराष्ट्रांतच दुर्मिळ झाले, मग तंजावरास कोठून मिळणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावरच्या तामिळ विद्यापीठानें त्या दफ्तरांतील कांहीं भाग वाचवून त्याचें तामिळ भाषांतर करविलें. मराठी राजाच्या घरचा मराठी हिशेब आज ज्यास छापील वाचावयाचा असेल त्यास त्यांतला बराचसा भाग तामिळमधून वाचावा लागतो. बाकीचे रुमाल बांधलेले आहेत.